शेवटचा डाग

आमचे हे तोफखान्यात हवालदार होते. लग्न झाल्यापासून सतरा वर्षं मी त्यांना रजेपुरतंच पाहिलं. रजा संपली की नाशिकरोडला गाडीत बसवून यायचं आणि पुढच्या रजेपर्यंत पत्रं लिहायची. मी चौथी शिकलेली, पण त्या पत्रांमुळे माझं अक्षर टिकलं. पत्रात मी पुष्कळ बोलायचे. ते समोर आले की माझं बोलणं आटायचं.

ते पेन्शनवर घरी आले ते कारगिलच्या लढाईच्या दोन वर्षं आधी. आमची जमीन दिंडोरी रस्त्याच्या आत, नाशिकपासून फार लांब नाही. झेंडू, शेवंती आणि बांधाकडेला थोडे गुलाब. आले त्या पहिल्याच दिवशी घरात घोटाळा झाला. सासूबाईंनी पाट मांडला, ताट वाढलं, आणि हे स्वयंपाकघराच्या दारात उभेच.

“सगळ्यांचं झालं का?” यांनी विचारलं.

सासूबाईंना वाटलं, नैवेद्याचं विचारतोय. “झाला, दाखवला देवाला.”

“तसं नाही आई. पोरी जेवल्या का? हिचं झालं का?”

“तिचं कसं व्हईल? तू जेवल्याबिगर ती जेवंल का?”

“मग मी थांबतो.”

आता हे थांबलेले आणि मीही थांबलेली. भाकरी गार पडली. शेवटी सासूबाई मला म्हणाल्या, “बस बाई, गिळ दोन घास, नाहीतर हा उपाशी राहील.” मी भिंतीकडे तोंड करून पोरींबरोबर जेवले. नवरा मागे उभा आणि आपण जेवतोय, या लाजेने घास उतरेना. शेजारची काकू ताक मागायला आली होती, तिने सगळं पाहिलं. दिवस मावळायच्या आत वाडीभर झालं की फौजी बायकोच्या मागून जेवतो.

दुसऱ्या दिवशी झेंडू तोडताना मी धीर करून विचारलं, “हे असं कुठं शिकलात?”

तेव्हा त्यांनी मला त्यांच्या कॅप्टन साहेबांची गोष्ट सांगितली. हे तेव्हा नवीन शिपाई होते. सिक्कीमच्या वरच्या अंगाला चौकी होती. बर्फामुळे तीन दिवस खेचरं वर आली नाहीत. लंगरात, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरात, पीठ संपत आलं होतं. जवान ओळीने उभे राहून रोटी आणि डाळ घेत होते. कॅप्टन साहेब वयाने यांच्याएवढेच, नुकती मिशी फुटलेले. ते ताटली घेऊन ओळीच्या अगदी शेवटी उभे राहिले. आचारी म्हणाला, साहेब, पुढे या. साहेब म्हणाले, सगळ्यांचं झालं का? त्यांचा नंबर आला तेव्हा रोटी संपली होती. डाळीच्या पातेल्याच्या बुडाला जे करपलं होतं, त्यात त्यांनी गरम पाणी ओतलं, हलवलं आणि पिऊन टाकलं. काही बोलले नाहीत. लगेच पहाऱ्यावरच्या जवानांचे पायमोजे ओले आहेत का ते बघायला गेले.

“त्या साहेबांनी सांगितलं असतं की या कड्यावरून खाली उडी मार,” हे म्हणाले, “तर मी आधी उडी मारली असती आणि मग विचारलं असतं, कशाला.”

मला ते ऐकून भरून आलं, पण तोंडातून भलतंच निघालं. मी म्हणाले, “म्हणजे तुमचे साहेब आमच्यासारखेच. आम्ही बायका रोज शेवटीच जेवतो. पण आम्हाला कोणी साहेब म्हणत नाही.”

हे तोडायचे थांबले. माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतक्या मोठ्याने हसले की पलीकडच्या बांधावरचे बगळे उडाले. त्या दिवसापासून आम्ही घरात एकत्र जेवायला बसू लागलो. सासूबाईंनी आठ दिवस तोंड फुगवलं, मग त्याही बसल्या.

पण बाहेरच्या लोकांना ही साहेबाची गोष्ट कधी पटली नाही. यांचे एक धाकटे चुलत भाऊ होते, माझे भाऊजी. शेतीही करायचे आणि अंबडला एका कारखान्यात पाळीही करायचे. जीभ फार तिखट, पण माणूस कामाचा. त्यांनी गोष्ट ऐकली आणि म्हणाले, “दादा, तुम्हाला कोणीतरी बनवलं. आमच्या कंपनीत साहेबाचं कॅन्टीनच वेगळं. त्याची गाडी सावलीत, आमच्या सायकली उन्हात. साहेब शेवटी जेवला असंल तर आत जाऊन कोंबडी खाल्ली असंल.”

“मी डोळ्यांनी पाहिलंय,” हे म्हणाले.

“डोळ्याला दिसंल असंच खातात ते.”

लोकांना फौज म्हणजे दोनच गोष्टी माहीत होत्या. एक, देवळालीच्या कॅन्टीनची बाटली. ती मिळावी म्हणून कितीतरी जण यांना रामराम घालायचे. आणि दुसरी, पोरांना सांगायचं की बघ, फौजी काकासारखी शिस्त पाहिजे. हे पीत नव्हते आणि बाटली विकतही नव्हते. त्यामुळे रामराम कमी होत गेले. कारगिलच्या वेळी मात्र अचानक यांना शाळेत बोलावून हार घातला. हार आमच्याच झेंडूचा होता. हे घरी येऊन म्हणाले, “मी त्या लढाईत कुठं होतो? मी तर इथं फवारणी करत होतो.” हार त्यांनी गायीपुढे टाकला.

आमच्याकडे आणखी एक फौजी होता. तो सैन्यात ड्रायव्हर होता आणि आता आमच्या फुलांचा टेम्पो चालवायचा. त्याचं मत तर भाऊजींपेक्षाही कडू. तो यांना म्हणायचा, “हवालदार, तुला चांगला साहेब भेटला हे तुझं नशीब. मी तीन वर्षं साहेबाचं कुत्रं फिरवलंय. मेमसाहेबाची भाजी आणलीय. भरती झालो तेव्हा वाटलं होतं देशाची गाडी चालवीन.”

यांनी कधी त्याला खोटं पाडलं नाही. म्हणायचे, “तसेही होते. असेही होते.”

मला ते आवडायचं. बाहेरच्या माणसाला एकतर सगळे फौजी देव वाटतात, नाहीतर सगळे दारुडे. या दोघांना मात्र माहीत होतं की साहेबासाहेबांत फरक असतो, आणि आपल्या वाट्याला कोण आला त्यावर माणूस जन्मभर कसा चालेल हे ठरतं.

आता टेम्पोची गोष्ट सांगते, कारण सगळं त्याच्यावरून झालं.

आम्ही अकरा घरं मिळून एक टेम्पो ठरवायचो. दुपारी चारला रस्त्यालगतच्या पत्र्याच्या शेडपाशी माल भरायचा, दिवेलागणीला टेम्पो निघायचा आणि घोटीवरून घाट उतरून दादरच्या फूलबाजारात जायचा. माल भरलेल्या करंडीला किंवा गोणीला बाजारात डाग म्हणतात. टेम्पोत किती डाग मावतात ते ठरलेलं. जास्त रचले तर खालची फुलं चेपतात आणि वरची घाटात वाऱ्याने सुटतात. सणाच्या दिवसांत माल जास्त आणि जागा कमी. मग रोज भांडण. जो आधी येईल त्याचा माल चढायचा आणि जो ओरडेल त्याचा आणखी आधी. एकदा दोघांनी एकमेकांच्या करंड्या लाथाडल्या आणि रस्त्यावर शेवंतीचा सडा पडला.

तेव्हा कोणीतरी म्हणालं, फौजीला द्या हे काम. अर्धी थट्टाच होती. भाऊजी म्हणाले, “द्या द्या, कमांडर करा. उद्यापासून लेफ्ट-राइट करत फुलं आणू.”

यांनी काम घेतलं. एकामागे एक घर असा क्रम लावला, आणि तो रोज एका घराने पुढे सरकायचा. म्हणजे आज ज्याचा माल पहिला, त्याचा उद्या दहावा. चारच्या ठोक्याला भरायला सुरुवात. उशीर झाला तर नंबर गेला, मग तो कोणी का असेना. आणि अकरावं घर आमचं; स्वतःचे डाग मात्र क्रमात धरायचेच नाहीत. सगळ्यांचं चढलं की शेवटी आमचे. जागा उरली तर.

ड्रायव्हर म्हणाला, “हवालदार, तू साहेब नाहीस. हवालदारानं हवालदारासारखं राहावं. स्वतःचा माल मधे टाक, कोणी काही म्हणणार नाही.”

हे म्हणाले, “कोणी म्हणणार नाही म्हणूनच.”

दोन वर्षं भांडण झालं नाही. खरंच सांगते, एकही नाही. बायका निवांत फुलं बांधून आणायच्या, गप्पा मारायच्या. यांच्यातही फरक पडला. पेन्शनवर आल्यानंतर पहिलं वर्षभर हे सकाळी पाचला उठून अंगणात उगाच फेऱ्या मारायचे. कोणाला काय बोलावं कळत नव्हतं. आता चार वाजायला आले की चेहरा खुलायचा. लोक त्यांना “फौजी, माझं जरा बघा” म्हणून हाक मारायचे. मला वाटलं, आता हा माणूस खरा घरी आला.

आमचे डाग सणांत कधी कधी राहायचे. त्याबद्दल आम्ही कोणाला बोललो नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने मी ते घेऊन गंगेवर जायचे. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. पुलाच्या कडेला पोतं पसरून बसायचे. मला ओरडता यायचं नाही. शेजारची बाई “घ्या झेंडू, ताजा झेंडू” म्हणून गल्ली दणाणून सोडायची आणि मी नुसती गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघत बसायचे. फुलं संपायला दुपार व्हायची.

तिसऱ्या वर्षी गणपतीनंतर आमच्यातला एकजण कामासाठी टेम्पोतून मुंबईला गेला. त्याने दादरला पाहिलं की टेम्पो उघडला की जे डाग शेवटी चढले ते आधी उतरतात. पहिल्या फुलांवर गिऱ्हाईक तुटून पडतं. बाकीचे डाग उतरेपर्यंत भाव खाली येतो. आणि ते आधी उतरलेले डाग आमचे होते.

त्याने येऊन भाऊजींना सांगितलं. भाऊजींनी सगळ्यांना.

शेडमध्ये सगळे जमले. आम्ही बायका एका बाजूला शेवंतीच्या जुड्या बांधत बसलो होतो. भाऊजी उभे राहिले. “मी म्हणत होतो ना, साहेब शेवटी जेवतो म्हणजे काय ते? आता कळलं. आपल्याला वाटलं फौजी त्याग करतोय. शेवटचा डाग बाजारात पहिला! वा दादा, फौजेत हेच शिकवतात का?”

एकजण हसला. मग दोन-तीन जण हसले. एक म्हातारे काका म्हणाले, “डाग तो डागच. लागला की निघत नाही.”

माझे हात थांबले. मी यांच्याकडे बघितलं. मला वाटलं, आता चिडतील. हे उभे राहिले, हात मागे बांधून, साहेबापुढे उभे राहावं तसे.

“बरोबर आहे,” ते म्हणाले. “शेवटी चढलेला आधी उतरतो. हे माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं. मी दोन वर्षांत एकदाही टेम्पोबरोबर दादरला गेलो नाही. ज्याच्याकडे काम त्यानं शेवटच्या टोकापर्यंत जाऊन बघायला पाहिजे. चूक माझी आहे.”

भाऊजींनी भांडणाची तयारी केली होती, आता त्यांनाच काही सुचेना. “बघा, कबूल केलं,” ते म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

“ज्याच्यावर शंका आली त्यानं पुढं राहू नये,” हे म्हणाले. “दुसरा माणूस नेमा. मी भरायला मदत करीन.”

आमच्या लोकांत चूक कबूल करणारा म्हणजे हरलेला. पुढारी कधी चूक कबूल करत नाही. मला सगळ्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं की फौजी आता संपला. आणि मला हेही माहीत होतं की हे घरी जातील आणि कपाटातलं ते पत्र काढतील. भिवंडीच्या एका गोदामावर पहारेकऱ्याची नोकरी, राहायला खोली, एकट्या माणसासाठी. ते पत्र दोन महिने पडून होतं. यांनी उत्तर दिलं नव्हतं, कारण इथे काम होतं. आता काम गेलं. सतरा वर्षं मी रजा मोजली होती. आता पुन्हा मोजायची माझ्यात ताकद नव्हती.

मी उभी राहिले. कोणाकडे न बघता शेवंतीच्या जुडीकडे बघून बोलले.

“आमचे डाग सहा वेळा टेम्पोत मावले नाहीत. मागच्या दसऱ्याला, दिवाळीला, ह्या श्रावणात तीनदा, अन् आता गणपतीत. ते मी गंगेवर बसून विकले.”

“अगं बाई!” एक जाऊ म्हणाली, “म्हणून व्हय! मी पाह्यलं होतं हिला पुलापाशी. म्हटलं देवाला आली असंल अन् पाय दुखले म्हणून टेकली असंल.”

टेम्पोला टेकून उभा असलेला ड्रायव्हर म्हणाला, “वहिनी खरं बोलतात. ते डाग मीच खाली ठेवलेत. हवालदारानं मला तोंड उघडू नको म्हणून बजावलं होतं.”

मला वाटलं, आता यांच्या तोंडावर हसू येईल. पण हे माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, “बस आता.”

सभेत शेवटी ठरलं ते मजेशीरच. शेवटचा नंबर फायद्याचा आहे हे सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं. माझं बोलणं ऐकूनही ते निघालं नाही. म्हणून शेवटचा नंबर आळीपाळीने सगळ्यांना द्यायचा ठरला. दसऱ्याच्या टेम्पोला शेवटचा नंबर भाऊजींनी मागून घेतला. कामही त्यांच्याकडेच गेलं.

घरी येताना हे विहिरीपाशी थांबले आणि म्हणाले, “तू सांगायला नको होतं.”

“का? खरं होतं ते.”

“खरं होतं. पण सांगितलंस म्हणजे मोजलंस. आमच्या साहेबांनी कधी सांगितलं नाही की मी उपाशी राहिलो. मी पाहिलं म्हणून मला कळलं. आपण केलेलं आपणच वाचून दाखवलं की ते केलेलं राहत नाही.”

मला राग आला. सगळ्या आयुष्यात मला इतका राग कधी आला नसेल. “अन् पुलावर उन्हात कोण बसलं?” मी म्हणाले. “तुमच्या साहेबानं स्वतःचं ताट सोडलं. तुम्ही माझं सोडलंत. मला विचारलं होतं का एकदा तरी?”

ते माझ्याकडे बघत राहिले. दोन दिवसांनी त्यांनी भिवंडीला कळवलं की दिवाळी झाली की येतो.

मला वाटलं, माझ्या बोलण्यानेच हा माणूस चालला. बोलले नसते तर कदाचित राहिले असते. रोज फुलं तोडताना हाच विचार.

दसऱ्याच्या दोन दिवस आधीचा टेम्पो म्हणजे वर्षाचा टेम्पो. आमचा झेंडू त्या वर्षी असा आला होता की पानं दिसत नव्हती. चारला सगळे शेडपाशी. भाऊजी काम बघत होते, पण त्यांना कोणाला नाही म्हणता येईना. एकजण दोन डाग जास्त घेऊन आला, त्याचे चढवले. दुसऱ्याने पाहिलं, त्याने घरून आणखी आणले. आमचा नंबर भाऊजींच्या आधीचा होता, म्हणजे शेवटून दुसरा. आमचे डाग चढले आणि ड्रायव्हरने हात वर केला.

“बस. आता सुईसुद्धा जाणार नाही.”

भाऊजींचे सातही डाग खाली होते. ते ड्रायव्हरच्या हातापाया पडायला लागले. “वर बांध रे, ताडपत्रीवर बांध.” ड्रायव्हर म्हणाला, “घाटात उडाले तर मला विचारू नका.” भाऊजींनी बाकीच्यांकडे पाहिलं. ज्यांनी जास्तीचे डाग आणले होते ते तंबाखू मळत दुसरीकडे बघू लागले. भाऊजींची बायको करंडीवर हात ठेवून रडायला लागली. भाऊजींच्या कारखान्यात दोन महिने काम बंद होतं, हे सगळ्यांना माहीत होतं. त्यांचं सगळं त्या झेंडूवर होतं.

हे टेम्पोच्या मागच्या फळीपाशी उभे होते. आमचे डाग तिथेच, दाराशी होते. यांनी एका करंडीच्या कडेला हात घातला. मग थांबले. वळले आणि एवढ्या गर्दीत मला शोधून माझ्याकडे बघितलं.

“चालेल का?” त्यांनी विचारलं.

मोठ्याने विचारलं. सगळ्यांनी ऐकलं. सतरा वर्षं रजेत आणि चार वर्षं घरात, यांनी मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. मी मान हलवली असती तरी पुरलं असतं. पण मी पदर खोचला, पुढे गेले आणि करंडीची दुसरी बाजू धरली. आम्ही दोघांनी आमचे सात डाग उतरवले. भाऊजींचे सात चढवले. ड्रायव्हरने टेम्पोचं दार लावताना यांना सलाम केला. नेहमी थट्टेने करायचा, त्या दिवशी थट्टेने नाही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गंगेवर निघाले तर हेही निघाले. “मी येतो. मला बघायचंय तू कुठं बसतेस.”

पुलाच्या कडेला पोतं पसरलं. दसऱ्यामुळे गर्दी फार, आणि झेंडू विकणारेही फार. यांनी एक हाक दिली, “झेंऽऽडू!” ती अशी निघाली की समोरची बाई दचकून मागे सरकली. “काका, फुलं विकताय का दम देताय?” ती म्हणाली. मी तोंडाला पदर लावला. मग तीच बाई दोन किलो घेऊन गेली. मी तोलत होते, हे ओरडत होते. कधी नव्हे ते आमच्या पोत्यापाशी गिऱ्हाईक उभं राहिलं.

दहा वाजता भाऊजी एम-एटीवरून आले. मागे आमच्या एसटीत न मावलेल्या दोन गोण्या बांधून आणल्या होत्या. गाडी लावली आणि पोत्याच्या कडेला उकिडवे बसले. फुलं चाळू लागले.

“माझा डाग पहिला उतरला म्हणे,” ते खाली बघत म्हणाले. “ड्रायव्हरनं फोन केला होता. चांगला गेला माल.”

“छान झालं,” हे म्हणाले.

“दादा, काल तुमच्याकडं काम नव्हतं. तुम्ही पुढारी नव्हता, कोणी नव्हता. मग कशाला?”

“मी फळीपाशी उभा होतो. मला तुझे डाग दिसले.”

“ते तर सगळ्यांना दिसले.”

भाऊजींनी एक झेंडू उचलला, वास घेतला, ठेवला. “मी आमच्या साहेबासारखेच सगळे समजत होतो,” ते म्हणाले. मग एकदम चिडल्यासारखे म्हणाले, “परवापासून टेम्पो तुम्ही भरा. मला ह्या लोकांची कटकट जमत नाही. एकालाही नाही म्हणता येत नाही मला. अन् तुमचा माल मधे घ्यायचा. शेवटी नाही. तो नंबर आळीपाळीनंच राहील, आता सगळ्यांना कळू द्या तो किती फायद्याचा आहे ते.”

“मला भिवंडीला जायचंय.”

“कोण म्हणतं?”

“मीच कळवलंय. आता हिला विचारतो.”

भाऊजींनी कपाळाला हात लावला. “बायकोला विचारून कमांडर व्हायचं! फौजेत असं असतं का दादा?”

“ऑर्डर वरूनच येते, बाबा,” हे म्हणाले आणि माझ्याकडे बघितलं. थट्टेत म्हणाले, पण डोळे थट्टेचे नव्हते.

माझ्या मनात कितीतरी होतं. सतरा वर्षांची पत्रं भरतील एवढं. समोर एक म्हातारी हार मागत उभी होती, आणि भाऊजी कान देऊन बसलेले.

“राहा,” मी म्हणाले आणि तराजू उचलला.